पट्टीवर नसलेला शब्द

आमचा मुलगा चाकणला कंपनीत टूलरूमला होता. तुझा लोखंडावर विश्वास, माणसांवर जरा कमीच, असं मी त्याला चिडवायची. त्यानं क्रिप्टोत पैसे घातले, लेकीच्या शिक्षणासाठी म्हणून. तेव्हा त्या खात्याची चावी म्हणून त्याला चोवीस इंग्रजी शब्द मिळाले. मोबाईल हरवला तरी ते शब्द टाकले की पैसे परत मिळतात म्हणे.

"वहीत लिहून ठेव की," मी म्हटलं.

"वही भिजते, जळते, आई."

"मग फोटो काढ."

"फोटो कुणाच्या हाती लागला की पैसे त्याचे."

मग सुट्टीच्या दिवशी हा बाल्कनीत बसला आणि स्टीलच्या पट्टीवर पंचनं अक्षरं ठोकायला लागला. प्रत्येक शब्दाची पहिली चारच. तेवढ्यावरून शब्द ओळखता येतो म्हणाला. सून आतून म्हणाली, "माझं मंगळसूत्र पण इतकं मन लावून नव्हतं बांधलंत." त्यानं पुढचं अक्षर ठोकलं. पट्टी बँकेच्या लॉकरात गेली आणि आम्ही निर्धास्त झालो.

गेल्या वर्षी तो गेला. फर्स्ट शिफ्ट करून आला, छातीत कळ आली म्हणाला, एवढंच.

काही महिन्यांनी सुनेनं पट्टी काढून आणली. कंपनीतला त्याचा मित्र मदतीला आला, पण शब्द सुनेलाच टाकायला लावले, स्वतः तोंड फिरवून बसला. भला माणूस. खातं उघडलं. आत काही नव्हतं.

"चोरी नाही झालेली, काकू," तो म्हणाला. "त्यानं या चोवीसांच्या वर अजून एक शब्द लावलाय, स्वतः ठरवलेला. पट्टी कुणी चोरली तरी त्याला काही मिळू नये म्हणून. मला बोलला होता."

"मग तो कुठं लिहिलाय?"

"डोक्यात ठेवलाय म्हणाला होता."

आणि त्या शब्दाचं असं की, चुकला तरी चुकला म्हणून कळत नाही. काहीही टाका, एक खातं उघडतं, रिकामं. नातीचं लाडाचं नाव टाकलं, गावाचं टाकलं, पहिल्या गाडीचं टाकलं. सून हळूच म्हणाली, "आई, माझंही नाव नाही हो."

"अगं, चोर तेच आधी टाकून बघेल, म्हणून नसेल ठेवलं," मी म्हटलं. तिला पटलं की नाही कोण जाणे.

तुमच्या घरी कुणी असे शब्द जपत असेल, तर पट्टी जरूर करा. पण वरचा शब्द लावलात तर तोही लिहा, दुसऱ्या जागी ठेवा, आणि ती जागा घरातल्या एकाला तरी सांगा. त्यानं आगीचा विचार केला, पाण्याचा केला, चोराचा केला. स्वतःच्या जाण्याचा तेवढा केला नाही.

लहानपणी तो मला एका वेगळ्याच नावानं हाक मारायचा. शाळेत जायला लागल्यावर सोडलं. ते नाव मी सुनेला अजून सांगितलेलं नाही. नातीसाठी सांगायला हवं, कळतं मला. पण ते टाकलं आणि तिथंही रिकामंच निघालं तर?

परवा तिनं विचारलं, "आई, अजून काही आठवतंय का?"

मी नाही म्हटलं.