उन्हात घातलेली फिल्म

धाकटे भावजी मुंबईत एका स्टुडिओत कॅमेरामनच्या हाताखाली होते. दुसऱ्यांच्या सिनेमांतून उरलेले कोऱ्या फिल्मचे तुकडे त्यांनी वर्षभर गोळा केले आणि एका उन्हाळ्यात, चावी देऊन चालणारा कॅमेरा कुणाकडून तरी मागून घेऊन मुरुडला आले. गोष्ट त्यांचीच. एक तांडेल समुद्रावर जातो, परत येत नाही, आणि किनाऱ्यावरची माणसं त्याची वाट बघतात. कामं करणारे सगळे गावचेच होते. कुणाला काही मिळायचं नव्हतं. दुपारचं जेवण आमच्याकडे, ते मी रांधायचे.

चार रविवार ते चाललं. कोळीवाड्यातला एक म्हातारा तांडेल झाला होता. त्याला सहाव्यांदा होडीत चढायला लावलं तेव्हा तो म्हणाला, "एवढ्यात मी किल्ल्याला जाऊन आलो असतो न्हाय का." माणसांच्या तोंडावर उजेड पाडायला आम्ही बायका घासलेल्या पराती धरून उभ्या राहायचो. तेव्हा माझ्याकडे कुणी बघत नसे, म्हणून मला ते काम आवडलं.

फिल्म बदलायचं काम शाळेतल्या मास्तरांकडे होतं. जुन्या छत्र्यांचं काळं कापड दुहेरी शिवून त्यांनी पिशवी केली होती. तिच्यात हात घालून, डोळे मिटून, ते कॅमेऱ्यातली फिल्म काढत आणि डब्यात भरत.

सात डबे भरले. फुकट धुऊन देणारा मित्र पंधरा दिवसांनी मोकळा होणार होता आणि मुंबईला भावजींच्या खोलीत पाच जण राहत, म्हणून डबे माझ्याकडे राहिले. "वहिनी, ओल लागू देऊ नका. बुरशी धरली की सगळं गेलं." एवढंच ते म्हणाले. बाकीचं त्यांना इतकं सवयीचं होतं की मला सांगायला हवं, हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

वैशाख संपत आला होता. हवा अशी की मिठाला पाणी सुटलं. एका सकाळी डब्यांना हात लावला तर ओलसर. आमसुलं, पापड, गाद्या, लग्नातले शालू, पोथ्या, सगळं आम्ही पावसाआधी उन्हात घालतो. मी सासूबाईंना विचारलं.

"घाल की. ऊन कडक आहे," त्या म्हणाल्या.

मी चिकटपट्ट्या सोडवल्या, आतला काळा कागद काढला आणि रिळं पापडांशेजारी चटईवर मांडली. आतपर्यंत ऊन लागावं म्हणून उलगडली. एक तर कपड्यांच्या दोरीवर सोडलं. चित्रं कुठं दिसेनात. म्हटलं, धुतल्यावर उमटत असतील. कावळ्यांसाठी काठी घेऊन दिवसभर बसले. संध्याकाळी सगळं गुंडाळलं, पट्ट्यांना खळ लावली आणि डबे पहिल्यासारखे केले. काम नीट झालं म्हणून बरं वाटलं.

भावजी डबे घेऊन गेले आणि आठ दिवसांनी उतरलेल्या चेहऱ्यानं परत आले. सातही डब्यांत नुसतं काळं. "पिशवीतून उजेड शिरला," ओटीवर जमलेल्यांना त्यांनी सांगितलं. मास्तर तिथंच होते. "माझ्याच हातून झालं असेल," ते म्हणाले.

भावजी पाणी प्यायला आत आले तेव्हा मी विचारलं, "उजेडानं जातं का?"

"क्षणभर लागला तरी जातं."

तेव्हा मला कळलं. मी त्यांच्या हातातून भांडं घेतलं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

मास्तरांची पिशवी गावभर झाली. "मास्तर, आमचे चार ऐतवार कधी परत करताव?" बाजारात कुणीतरी विचारी. म्हातारा म्हणे, "मी बुडालो त्यो बुडालो, फिल्मलाबी घेऊन बुडालो." मास्तर आधी हसत. मग हसेनासे झाले. आमच्या ओटीवर यायचेही थांबले.

गणपतीला भावजी आले तेव्हा वाढता वाढता, पातेल्याकडे बघत मी सांगितलं, "डबे मी उघडले होते. उन्हात घातले होते."

ते जेवायचे थांबले. "वहिनी, मास्तरांसाठी तुम्ही कशाला खोटं बोलता?"

"खोटं नाही."

"एवढी काय कळकळ तुम्हाला त्यांची?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. "मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. "भात घे रे." नंतर चुलीपाशी मला म्हणाल्या, "हे पुन्हा तोंडातून काढू नकोस. नवरा मुंबईला असतो तुझा."

मार्गशीर्षात मास्तरांच्या बदलीचं ऐकलं. मधल्या सुट्टीत मी शाळेत गेले आणि दाराशी उभी राहून एका दमात सगळं सांगितलं.

"उलगडून घातलीत?"

"हो. एक दोरीवर."

"मी ती पिशवी कितीदा कंदिलावर धरून बघितली," ते म्हणाले. "भोक सापडेना." मग म्हणाले, "वहिनी, हे दोन ओळींत लिहून द्याल? दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. फक्त तुमच्या भावजींना."

मी हो म्हटलं. चौथीपर्यंत शिकले होते, लिहिता येत होतं. घरी येऊन लिहिलंही. पण परक्या पुरुषाच्या हातात माझ्या अक्षराचा कागद, आणि तो त्यानं भावजींपुढे धरायचा. कागद चुलीत घातला. जायच्या आधी मास्तर दोनदा आमच्या घरावरून गेले. दोन्ही वेळा फाटकाशी थांबले. मी खिडकीमागे होते. मग आगरदांड्याहून तरीच्या होडीनं खाडीपलीकडे दिघीला गेले ते गेलेच.

अजून बोलण्यात सिनेमा निघाला की भावजी म्हणतात, "त्या मास्तरनं घालवला माझा." मी उठून आत जाते.