बाईंनी नाकारलेली सही

कपाटात जुनी टॉर्च सापडली आणि मी मनाने थेट तारापूरच्या जुन्या कारखान्यात पोहोचलो. मी ज्यांचा मदतनीस होतो, त्या केमिस्ट बाईंनी पाण्यात तरंगणाऱ्या अदृश्य कणांच्या, म्हणजे कोलॉइडच्या, अभ्यासात उमर घालवलेली. कारखान्याच्या साहेबांनी खाडीत सोडायच्या पाण्याचा ग्लास नाचवला. "काचेसारखं स्वच्छ! करा अहवालावर सही."

तक्रार घेऊन आलेली मुरबे गावची कोळीण कडाडली, "मंग तुमीच प्या ना सायेब! आमचं म्हावरं मरतं हाय."

बाईंनी पडदे ओढले, माझी टॉर्च घेऊन ग्लासवर मारली. पाण्यात उजेडाची दुधाळ सळई उमटली.

"शुद्ध पाण्यात हा झोत दिसत नाही, साहेब. यात कण आहेत."

"नोकरी जाईल, बाई!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि ते साहेबांच्या खिशात खोचलं. "खुशाल जाऊ दे. सही मिळणार नाही."

तेव्हा मी कोपऱ्यात फायलीआड तोंड लपवून उभा होतो. आज आठवलं की शिट्टी मारावीशी वाटते.