कोरी बसले त्या दुपारी

मी पाटा चाटला.

सगळा घोळ तिथून झाला, म्हणून आधी तेच सांगून टाकते. सतरा वर्षांची घोडी, लग्न होऊन चार वर्षं झालेली — आणि स्वयंपाकघरात कोणी नाही असं बघून खाली वाकले नि पाट्यावर राहिलेलं भांगेचं वाटण जिभेने साफ केलं. मांजर निदान नंतर मिशा पुसतं. मला तेवढंही सुचलं नाही.

आपल्या मासिकात लोकांचे अनुभव छापून येतात, ते माझी नात मला वाचून दाखवते. पिंपळावरचा मुंजा, रस्त्यात विडा मागणारी बाई... मी पोट धरून हसते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि हे लिहून संपलं तरी बसणार नाही असं मी तिला बजावलं आहे. ती म्हणाली, "मग आजी, त्या शिवरात्रीचं काय?" तोंडाळ कार्टी. तिच्या नाकावर टिच्चून लिहिते.

आमचं घर ठाण्यात, मासुंद्याच्या तळ्यामागच्या आळीत. आगगाडी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नौपाड्याकडे अजून भातखाचरंच होती. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परस. परसात बेलाचं झाड, त्याच्या बुंध्याशी लहानशी पिंडी, आणि पलीकडे विहीर. सासरे वारलेले. घरात सासूबाई, इकडची स्वारी — कलेक्टरकचेरीत कारकून —, धाकटे बाळाभावजी, जे तेव्हा इंग्रजी शाळेत शिकत होते, आणि आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांच्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या, अंगावर लाल आलवण, आवाज असा की आळीच्या टोकाची गाय वळून बघायची. बाळाभावजींना त्यांनीच वाढवलं. जेवायला बोलवायचं तर त्या चुलीपुढून उठायच्या नाहीत. तिथूनच, "बाळ्या!" भावजी जिथे असतील तिथून "ओ!" करून धावत यायचे.

शिवरात्रीच्या दुपारी आमच्याकडे पुरुषमंडळी भांग घेत. देवाचा प्रसाद म्हणायचं आणि पेल्यावर पेले रिचवायचे! पण घरातला एक नेम कडक होता — एका माणसाने कोरं बसायचं. कोरं म्हणजे थेंबही न घेता बाकीच्यांजवळ बसून राहायचं. थोड्या थोड्या वेळाने एकेकाला नावाने हाक मारायची, आणि त्याने "ओ" द्यायचा. अंमल चढलेल्या माणसाने दुसऱ्या कुणाच्या हाकेला उठायचं नाही, फक्त कोऱ्या माणसाच्या. हे काम वर्षानुवर्षं आत्याबाईंचं.

त्या वर्षी आत्याबाई डोळ्यांना औषध करायला कल्याणच्या वैद्यांकडे गेल्या. तिथे नात्यातल्यांचं घर होतं, सोबत सासूबाईही गेल्या. आणि कोरं बसायचं काम माझ्याकडे आलं! मामलेदारीची सनद मिळावी तशी मी फुगले. निघताना आत्याबाईंनी मला समोर बसवलं.

"हसू नकोस. परसाकडच्या दाराला कडी घालायची, वरचीसुद्धा. ते काय वाट्टेल ते बोलतील. वाघ दिसला म्हणाले तर हो म्हणायचं, वाघ बसलाय, तुम्ही निजा. वाद घालायचा नाही. हाक थांबवायची नाही. आणि वाटून झाल्यावर हात धुवायचे... बोट तोंडात गेलं नाही पाहिजे. कळलं का?"

"कळलं हो आत्याबाई," मी म्हटलं. कळलं होतंच. कळण्याचा आणि वागण्याचा माझा संबंध तेव्हा जरा दूरचा होता.

शिवरात्रीला सकाळीच भावजींचा मित्र विसू कल्याणहून आला. खाडीकाठचा पोरगा, अंगात खोड्या मुरलेल्या. मी वाटायला बसले तशी त्याने मागून येऊन माझ्यापुढे एक पुडी टाकली.

"वहिनी, हेही घाला. आमच्याकडे घालतात."

"काय आहे?"

"मसाला. काशीचा."

बारीक, चपटं, पिवळसर बी होतं. मी वाटलं. ते धोत्र्याचं होतं हे मला संध्याकाळी कळलं. आपल्याकडे धोत्रा पिंडीवर वाहतात, पोटात घेत नाहीत, एवढं सुद्धा त्या दीडशहाण्याला ठाऊक नव्हतं. बरं, पहाटेपासून मी उपाशी. वाटणात बदाम, खसखस, साखर, बडीशेप... पुढचं वर सांगितलंच आहे.

पहिला पेला रीतीप्रमाणे मी बेलाखाली पिंडीपुढे ठेवून आले. मग पुरुषांना दिले. परसाच्या दाराला कडी घातली. घातली... असं मला अजून वाटतं. माजघराच्या उंबऱ्यावर पदर खोचून बसले आणि हाका सुरू केल्या. "विसूभावजी!" — "ओ." "बाळाभावजी!" — "ओ." इकडचं नाव घेणार कसं? म्हणून "अहो!" — "ओ, ओ." देवळाकडून ढोल ऐकू येत होते. सगळी आळी तिकडेच गेलेली. उन्हं अंगणात आली होती.

आधी मजा होती. विसू चटईवर पालथा पडून हातपाय मारायला लागला. "वहिनी, भरती आली, पाय वर घ्या!" इकडची स्वारी माजघराच्या खांबापुढे हात जोडून उभी. "साहेब, अर्ज कालच धाडला, साहेब." मी पदर तोंडात कोंबून हसले. मग हसू थांबेना. मग लक्षात आलं की मी हसतच नव्हते... कुणीतरी दुसरंच हसत होतं, आणि ते स्वयंपाकघरातून, पाट्याच्या बाजूने येत होतं.

तोंड कोरडं पडलं. जीभ म्हणजे चामड्याचा तुकडा. अंगणातलं ऊन डोळ्यांत सुया टोचाव्यात तसं टोचायला लागलं. तरी माझी खात्री — मी कोरी आहे! मी हाका मारतेय! विसू, भावजी, अहो... एकसारख्या मारतेय. बऱ्याच वेळाने कळलं, माझे ओठ नुसते हलताहेत. आवाज नाही.

विसूचं पोहणं थांबलं होतं. तो आता हवेतून काहीतरी ओढून काढत होता आणि रडत होता, "तळ नाही, तळच नाही." खांबापुढचं माणूस गुडघ्यावर बसून कपाळ खांबावर आपटत होतं. आणि भावजींची जागा रिकामी होती.

परसाचं दार सताड उघडं. वरची कडीसुद्धा.

मी उठले की सरपटत गेले, आठवत नाही. दारातून दिसलं ते आज या वयातही डोळे मिटले की दिसतं. बाळाभावजी विहिरीच्या कठड्यावर बसलेले. एक पाय आत. मान वाकवून खाली बघत होते आणि चेहरा अगदी शांत — कुणीतरी गोष्ट सांगतंय आणि हे ऐकताहेत, असा. दुसरा पाय हळूहळू वर येत होता. मी ओरडायला तोंड उघडलं. काही नाही. पोरगा राखायला माझ्याकडे दिलेला, आणि मी उंबऱ्यावर भिजल्या पोत्यासारखी पडलेली.

तेवढ्यात माजघरातून हाक आली.

"विसू! ओ दे!"

तो आवाज आत्याबाईंचा. आवाजासारखा नाही, आवाजच. विसूचं रडणं थांबलं, त्याने "ओ" केलं. मग इकडचं नाव आलं, आत्याबाई घेत तसं, लहानपणचं. "ओ." मी बावळट, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी सवयीने मीही "ओ" म्हणाले. माझा आवाज फुटला तो तेव्हा!

"बाळ्या! ओ दे बाळ्या!"

"ओ" आला. मग भावजी वळले, आणि मग त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. म्हणजे आवाज आधी आणि तोंड नंतर. अमलात असं मागेपुढे होतं म्हणतात, म्हणून ते मी तेव्हा सोडून दिलं. भावजींनी आतला पाय बाहेर काढला. हाक आली की धावायचं, हे त्यांच्या हाडात होतं. चार पावलं आले आणि माझ्या अंगावर कोसळले. मी त्यांच्या धोतराचा सोगा दोन्ही मुठींत धरला आणि दातांतही धरला. संध्याकाळी तो सोडवायला काकूंना माझे दात उघडावे लागले.

काकू म्हणजे शेजारच्या. पाय दुखत होता म्हणून देवळात गेल्या नव्हत्या. त्याच आल्या. सगळ्यांच्या घशात चिंचेचं पाणी ओतलं, विसूला ओकायला लावलं, पुडीतलं उरलेलं बी बघून त्याला जन्मात ऐकल्या नसतील अशा शिव्या दिल्या. मग हाश्हुश् करत म्हणाल्या,

"पण आत्याबाई कधी आल्या गं कल्याणहून? आणि आहेत कुठे?"

"त्या कल्याणलाच आहेत," मी म्हटलं.

"अगं, तासभर हाका चालल्यात. मला वाटलं, आत्याबाई बसल्यात, काळजी नाही. हाका थांबल्या तेव्हा उठले मी."

काकूंनी भांग घेतली नव्हती. त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, निर्जळी होती त्यांची.

बेलाखालचा पेला मी दुसऱ्या दिवशी उचलला. रिकामा होता. मांजर प्यायलं असेल. मांजर पेला पालथा घालतं का, ते मला माहीत नाही. तो पालथा घातलेला होता, आम्ही जेवून झाल्यावर घालतो तसा.

अंगात त्राण आलं तसे आम्ही कल्याणला गेलो. चौघंही आगगाडीच्या एकाच डब्यात. मुंब्र्याची खाडी लागली तेव्हा विसूने डोळे गच्च मिटून घेतले. इकडून एकदाच बोलणं झालं, "आईला काही सांगायचं नाही."

सांगायची वेळच आली नाही. सासूबाई दारातच म्हणाल्या, "बरे आहात ना रे सगळे? शिवरात्रीला वन्संनी नुसता उच्छाद मांडला. डोळ्यांवर औषधाची पट्टी, आणि दुपारभर अंगणात बसून तुमच्या नावाने हाका! आम्ही आत चला म्हटलं, पाणी दिलं, ऐकतील तर शपथ. मला म्हणाल्या, ती पोरगी गप्प झालीय, कुणीतरी मारायला हवी ना हाक! शेवटी बाळ्या बाळ्या करून घसा बसला, तेव्हा थांबल्या."

इकडून बरेच दिवस विचार झाला. आत्याबाईंना सवय होती म्हणून त्यांनी तिथे हाका मारल्या, काकूंना सवय होती म्हणून त्यांना इथे ऐकू आल्या, आणि आम्ही तर शुद्धीतच नव्हतो. बरोबर आहे. मला ते पटतं. कडी कोणी काढली, एवढं त्यात बसत नाही. माझा हात वरच्या कडीला स्टुलाशिवाय पोचत नसे, आणि भावजी म्हणत त्यांनी दाराला हात लावलाच नाही, ते उघडंच होतं.

त्यानंतर आमच्या घरात भांग झाली नाही. विहिरीवर लाकडी झाकण आलं. बाळाभावजी शिकले, मास्तर झाले, त्यांचीही नातवंडं आता अंगणात खेळतात. माणूस हसरा, बोलका. पण त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या हाकेला "ओ" दिलेला मी ऐकलेला नाही. हाक मारली की ते हातातलं काम टाकून येतात, समोर उभे राहतात आणि मग विचारतात, "काय वहिनी?" विहिरीत काय बघत होता, हे मी एकदाच विचारलं. ते उठून गेले. माझ्याकडे याचा उलगडा नाही, आणि नातीने कितीही डिवचलं तरी मी तो रचून सांगणार नाही.

कल्याणला त्या दिवशी मी आत्याबाईंच्या पाया पडले, तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. विहिरीचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. घसा इतका बसलेला की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाल्या,

"तिघांनाच हाका मारल्या होत्या गं मी. ओ पाच आले. जास्तीचा एक तुझा... पाटा चाटलास ना, मेले? जडावलेल्या जिभेवरूनच कळलं मला. पण एक बाळ्याच्या आवाजात आला, बाळ्याच्या आधी. खालून आला, पाण्यातून आल्यासारखा. म्हणून सांगते, पोर डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्याला हाक मारू नका. आता ओ आधी कोण देईल, नेम नाही."