सुल्तानची सुटका

आधी चहा हातात घ्या. कारण मी आता जे सांगणार आहे, ते ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा चहाला बोलवाल की नाही, शंकाच आहे.

मी चोरी केली. हो, मी! ज्यांच्याकडे पाहुणा म्हणून जेवायला गेलो, त्यांच्याच अंगणात. आणि चोरलं काय? सरडा!

हसलात ना? थांबा, अजून हसण्यासारखं काही सुरूच झालेलं नाही.

साधा सरडा नव्हे हं. दब! आपल्याकडे कच्छ-राजस्थानच्या वाळूत सांडा असतो ना, त्याचा हा अरबस्तानातला थोरला चुलतभाऊ. हातभर लांब, अंगानं गुबगुबीत, चेहरा निवृत्त मुख्याध्यापकांसारखा गंभीर. आणि शेपटी? फणसाची साल सोलून गुंडाळावी तशी, काटेच काटे! स्वभावानं मात्र शुद्ध शाकाहारी. पाला खातो, फुलं खातो, बिया खातो. पाणी जवळजवळ पीतच नाही, पाल्यातूनच भागवतो. अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून शिंकरून टाकतो. सकाळी थंडीत काळा-करडा असतो आणि ऊन खाल्लं की पिवळाधमक! सांगा बरं, अशा प्राण्याच्या प्रेमात कोण पडणार नाही?

मी तर पडलोच होतो. मूळचा मी चिपळूणचा. प्राणिशास्त्रात पदवी घेतली, मग नोकरी मिळेना म्हणून सेफ्टीचा कोर्स केला आणि रियाधमध्ये एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर झालो. अल मलाझमध्ये आम्हा चौघांची खोली. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला म्हणून सांगायचं आणि संध्याकाळी दब खाऊ नका म्हणून. इथं वसंतात वाळवंटात जाऊन दब धरतात आणि भातावर शिजवून खातात, जुनी आवड आहे ती. पण मला ते सहनच होत नसे. कॅन्टीनमध्ये, साइटवर, बसमध्ये, जिथं चार माणसं दिसतील तिथं माझं भाषण सुरू.

आमच्या पिकअपचे ड्रायव्हर इकबालभाई. दाभोळचे. माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यामुळे माझी टर उडवायचा त्यांना पूर्ण हक्क.

"आले आले, सरड्यांचे वकीलसाहेब आले!" मला बघितलं की ते ओरडत. "आज कुणाचा जामीन?"

"इकबालभाई, चेष्टा नका करू. मुका जीव आहे तो!"

"मुका तो आहे, पण तोंड तुझं बंद होत नाही त्याचं काय?"

तर एका गुरुवारी आमचे मॅनेजर माजिद माझ्या टेबलापाशी आले. तरुण सौदी माणूस, हसतमुख. म्हणाले, "उद्या जुम्म्याला माझ्या वडिलांच्या इस्तिराहावर जेवायला या, तू आणि इकबाल." इस्तिराहा म्हणजे शहराबाहेरचं सुट्टीचं घर. उंच भिंतीआड खजुरीची झाडं, गालिचे टाकलेली बैठक, मागं स्वयंपाकघर. "वडिलांनी बेत केलाय. आणि अनिकेत, तुझ्यासाठी तर एक खास गोष्ट आहे. वाळवंटातली. आत्ता नाही सांगत, उद्या बघशील."

वाळवंटातली! खास! वसंत ऋतू! अहो, आणखी काय हवं होतं? माझं डोकं तिथंच फिरलं. म्हणजे मी इतकी भाषणं देतो म्हणून मुद्दाम माझ्याच ताटात दब वाढणार? चिडवायला?

"विचार तरी त्याला, काय आहे ते," इकबालभाई म्हणाले.

विचारायचं? मी? मला सगळं आधीच माहीत असतं. तोच तर माझा आजार आहे.

शुक्रवारी आम्ही पोचलो. दारात माजिद आणि त्यांचे वडील अबू माजिद. पांढरी दाढी, हातात काठी, डोळे मिश्कील. आयुष्यभर हिंदुस्थानी ड्रायव्हरांशी बोलून त्यांनी स्वतःची एक हिंदी तयार केली होती. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "अनिकीत! तुम अच्छा नफर! आज सवा सवा खाना!" नफर म्हणजे माणूस, सवा सवा म्हणजे सगळे मिळून. गळ्यातल्या माझ्या ओळखपत्राकडे बघून त्यांना गंमत वाटली. मी ते सुट्टीच्या दिवशीही काढत नाही. त्याची फीत सेफ्टीची आहे, कशात अडकून ओढ बसली की मानेमागचा चाप आपोआप सुटतो. ही माहितीसुद्धा मी त्यांना उभ्याउभ्या देऊन टाकली.

तेवढ्यात जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली. तिघंही मशिदीत निघाले. मी एकटा मागं.

"चहा पी, खजूर खा," इकबालभाई जाताना हळूच म्हणाले. "आणि काही करू नकोस."

बघा! त्या माणसाला आधीच कळलं होतं.

मी एक खजूर खाल्ला. दुसरा हातातच राहिला. पाय आपोआप मागच्या अंगणाकडे वळले आणि समोर काय दिसलं? जाळीचं मोठं आवार, आत वाळू, एक दिवा तापत ठेवलेला आणि त्याखाली एक अवाढव्य पिवळाधमक दब! समोर ताटलीत गाजराच्या चकत्या, भिजवलेली मसूर, कोवळा पाला. बाजूच्या ओट्यावर पाट. आणि पाटावर ही एवढी सुरी!

म्हणजे खाऊ घालून पुष्ट केला होता! आणि कहर सांगू? त्याच्या कपाळावर मेंदीचा ठिपका होता आणि मानेभोवती दोरा, त्यात निळा मणी. कापायच्या आधी सजवलाही होता!

माझे डोळे भरून आले. मी जाळीचं दार उघडलं. तो सुळकन आतल्या मातीच्या नळीत शिरला आणि अंग फुगवून असा घट्ट बसला की बुचासारखा. बिळात शत्रूनं ओढू नये म्हणून ते असंच करतात! पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्ष घडत होतं. उत्साहात मी टाळीही वाजवली. मग गाजराची चकती पुढं धरली, तर स्वारी फुस्स करून हवा सोडून डुलत डुलत बाहेर आली आणि माझ्या हातातून खाऊ लागली.

आता तुम्ही विचाराल, की कापायला आणलेलं रानटी जनावर अनोळखी माणसाच्या हातून खातं का? मणी घालून मिरवतं का? बरोबर. हा प्रश्न तुम्हाला पडला. मला नाही पडला!

पिकअपच्या मागं आमची बर्फाची पेटी होती. बाटल्या काढल्या, बर्फ ओतून टाकला, तळाशी राहिला थोडा तो राहिला. त्यात दब ठेवला, झाकण लावलं, वर ताडपत्री ओढली. परतताना मोकळ्या वाळवंटात सोडून द्यायचा, असा बेत. बैठकीत येऊन बसलो आणि छाती फुगवून दुसरा खजूर खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसतं बोललो नव्हतो, काहीतरी केलं होतं!

नमाज आटोपून मंडळी आली. मोठं थाळं आलं. भाताचा डोंगर आणि त्यावर काय? सुरमई! लांबलचक तुकडे, खरपूस भाजलेले.

"तुम्ही समुद्रकाठची माणसं," माजिद म्हणाले, "म्हणून वडिलांनी खास दम्मामहून मागवली."

इकबालभाईंचा चेहरा असा उजळला, जणू दाभोळच्या धक्क्यावरच उभे आहेत.

आणि मी? सुरमई? मग दब कशाला होता?

"खाना बादेन," अबू माजिद उठत म्हणाले, "पहले अनिकीत, तुम शूफ. तुम देखो. सुल्तान!"

"सुल्तान कोण?" मी विचारलं.

"हीच तुझी खास गोष्ट," माजिद हसले. "वडिलांचा दब. आई गेली त्या वर्षी त्यांना रस्त्यावर सापडला, गाडीखाली पाय चेंगरलेला. डॉक्टर म्हणाला जगणार नाही. यांनी जगवला. ऊन पडलं नाही तर दिवा लावतात, स्वतः पाला चिरतात, दृष्ट लागू नये म्हणून मणी घालतात. मला कधी एवढं जपलं नाही! मी तुझ्याबद्दल सांगितलं, तेव्हापासून मागं लागलेत. दबासाठी सगळ्या कंपनीशी भांडणारा मुलगा मला भेटव म्हणून."

तेवढ्यात मागच्या अंगणातून हाक आली. "सुल्तान! या सुल्तान!" मग पुन्हा. मग आवाज चिरकला.

अबू माजिद परत आले तेव्हा काठी हातात नव्हती. डोळ्यांतला मिश्कीलपणाही नव्हता. सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

"अनिकीत. सुल्तान मा फी. किधर गया?"

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी! पण त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाले, "अल्ला आज तुमको भेजा. तुम इल्म वाला. तुम ढूंढो."

आता सांगा, त्या मुक्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार? झालं! चोरच शोधपथकाचा प्रमुख!

"सुल्तान मिळेपर्यंत वडील जेवणार नाहीत," माजिद म्हणाले. म्हणजे कुणीच जेवणार नाही. इकबालभाईंनी थाळ्याकडे असं पाहिलं, जसं बोटीतून जाणारा माणूस किनाऱ्याकडे पाहतो.

"तुम्ही भिंतीकडं बघा, खजुरीखाली बघा!" मी भराभर हुकूम सोडले. "मी बाहेर बघतो!" आणि धावलो पिकअपकडे. पेटी उघडली.

काळा. काळाकुट्ट! ताठ, दगडासारखा थंड, डोळे मिटलेले.

"काय करतंस रे?" मागं इकबालभाई. त्यांनी पेटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पेटीत पाहिलं.

"इकबालभाई... मेला."

"तो नाही मेला. तू मेलंस!" ते दात-ओठ खात कुजबुजले. "मेल्या, माणसाच्या काळजाचा तुकडा बर्फात ठेवलास? आणि तिकडं माझी सुरमई निवते आहे!"

काळा! एकदम डोक्यात प्रकाश पडला. थंडीत काळा, उन्हात पिवळा! इतके दिवस जे वाक्य जगाला ऐकवत होतो, ते मलाच आठवायला एवढा वेळ लागला. मी सुल्तानला उचललं आणि बोनेटवर ठेवलं. उन्हानं ते छान तापलेलं होतं, तव्यासारखं नाही, उबदार.

आम्ही दोघं श्वास रोखून वाकलो. काळा तसाच काळा. मी मनात गणपतीला हाक मारली, शेजारी इकबालभाई ओठातल्या ओठात दुवा मागत होते. मग पाठीवर करडी झाक आली. मग मातकट. मग पोटाच्या कडेनं पिवळी रेघ!

"रंग चढला रे! चढला!" इकबालभाई.

मी आनंदानं आणखी खाली वाकलो, अगदी नाकाला नाक लावून. सुल्ताननं एक डोळा उघडला. मला ओळखलं. आणि फट्‌कन शिंकला! सगळं मीठ माझ्या चष्म्यावर. मला काही दिसेना. एवढंच कळलं, की शेपटीचा फटका मनगटावर बसला, गळ्याला झटका बसला आणि काहीतरी सरसरत खाली उतरलं.

"चाकावरून इंजिनात घुसला!" इकबालभाई ओरडले.

मराठी कळलं नाही, तरी त्या ओरडण्यानं बापलेक धावत आले. आता बोलणं भाग होतं, म्हणून मी चष्मा पुसत अत्यंत शांतपणे म्हणालो, "सुल्तान इंजिनात आहे."

"तुला दिसला?" माजिदनी विचारलं.

"छे! मी त्याला अजून डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. पण शास्त्र सांगतं, दब ऊब शोधतो. आणि इथं सगळ्यात उबदार जागा कुठली? इंजिन!"

काय सांगू, दोघांच्या नजरेत काय कौतुक होतं! "माशाल्ला!" अबू माजिद म्हणाले. "शूफ, माजिद! ये इल्म!" इकबालभाई मात्र आकाशाकडे बघत होते.

बोनेट उघडलं. सुल्तान खोल खाचेत अंग फुगवून बसलेला, फक्त डोकं दिसत होतं. अबू माजिदनी गाजराची चकती धरली, हळूच हाक मारली. फुस्स! हवा सोडून स्वारी डुलत डुलत निघाली. डोकं आलं, मेंदीचा ठिपका आला, निळा मणी आला, पोट आलं, काटेरी शेपटी आली.

आणि शेपटीमागं, काट्यांत अडकलेली, लांब निळी फीत आली. फितीच्या टोकाला ओळखपत्र. त्यावर हसरा मी. खाली ठळक अक्षरांत: सेफ्टी ऑफिसर.

सुल्तान निवांत गाजर चावत होता. अबू माजिदनी फोटो पाहिला. मला पाहिलं. मग उघडी पेटी पाहिली.

मी सगळं ओकलो. इंग्रजीत सुरू केलं, हिंदीत आलो, शेवटी मराठीतच रडलो. सुरी, मणी, वाळवंट, सुटका, सगळं. माजिदनी खाली मान घालून वडिलांना अरबीत सांगितलं. म्हाताऱ्यानं सुल्तानला छातीशी धरून ऐकून घेतलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. जवळ जाऊन बघतो तर हसत होते! काठी जवळ नव्हती, भिंतीचा आधार घ्यावा लागला, इतके.

"खलास," ते डोळे पुसत म्हणाले. "यल्ला, सुरमई!"

सुरमई निवली होती, तरी इकबालभाईंनी माझ्या वाटचीही खाल्ली. दंड म्हणून.

आता मी महिन्यातून एकदा तरी इस्तिराहावर जातो. मसूर भिजवतो, पाला चिरतो. सुरी धरायची परवानगी आहे, जाळीचं दार उघडायची नाही.

आणि माझं ओळखपत्र? ते परत मिळालं नाही. कंपनीतून नवीन घ्यावं लागलं. जुनं अबू माजिदनी सुल्तानच्या जाळीवर, दाराच्या अगदी बरोब्बर वर टांगलंय. मला वाटलं, माझा मान म्हणून. छाती फुगवून मी एकदा विचारलंही, "बाबा, सुल्तानचा सेफ्टी ऑफिसर मीच ना?"

"ला, ला," ते नाही म्हणून मान हलवत म्हणाले. "माली नया है. उसको मालूम होना, कौन नफर आया तो दरवाजा बंद करना."