तीजापुरती मशीन

आमच्या शेडमध्ये मशीन एकच आली, पण तिच्या निमित्तानं किस्से इतके साचलेत, की पाहुण्याला चहाच्या आधी तेच वाढले जातात. मशीन निवडताना आम्ही शहाण्यासारखं वागलो असतो, तर सांगायला काही उरलंच नसतं!

मी जर्मनीत इलेक्ट्रॉनिक्स शिकून रायपूरला परतले ती एकच घोषणा घेऊन: "इथल्या शेतातल्या पंपाचं सर्किट बोर्ड इथंच बनलं पाहिजे!" नवा रायपूरच्या कडेला शेड घेतली. बाबांचे मित्र प्रभाकरकाका, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, माझे पार्टनर झाले. पहिल्याच दिवशी मी स्वावलंबनावर जोरदार भाषण ठोकलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोलली तू झकास, पोट्टे. आता सांग, कामाले माणसं येतीन कशानं? इथं बस तं दिसून नाही राहिली!"

बस नव्हतीच. म्हणून मग शेजारच्या गावातल्याच बायका कामावर आल्या. त्यांची म्होरकी दुलारी दीदी. खसखशीएवढे पार्ट्स चिमट्यानं उचलून बोर्डावर नेमके ठेवायचे, हे त्यांचं काम.

* * *

सगळं छान चाललं होतं. मग आली तीजा. आपली हरतालिका तीच इथली तीजा, पण इथं त्यासाठी भाऊ न्यायला येतो आणि बाई माहेरी जाते. शाळेपासून बाहेर राहिल्यामुळे मी हे पार विसरले होते.

एका सकाळी बघते तर गेटवर मोटारसायकलींची रांग! मला वाटलं, संप झाला. दुलारी दीदी पिशवी घेऊन निघाली. "भाई लेने आया है, दीदी. अब तीजा के बाद."

"काका, तुम्ही सांगितलं का नाही?"

"मले काय ठाऊक तुले माहीत नाही म्हणून? रायपूरचीच ना व तू?"

नेमक्या त्याच दिवसांत अभनपूरच्या साहूजींची ऑर्डर होती. साहूजी पंपांचे डीलर. भादव्यात पाऊस थांबला की धानाला बोअरचं पाणी लागतं, म्हणून त्यांना बोर्ड तेव्हाच हवे असतात. मी आणि काका चिमटे घेऊन बसलो. दुपारपर्यंत पार्ट्सची सुरेख मांडणी झाली. आणि काका शिंकले!

माल उशिरा पोचला. साहूजी तापले. "अगले साल तारीख चूकी, तो मैं दूसरी जगह से लूँगा."

ते सोडले तर आमच्याकडे धड गिऱ्हाईक नव्हतं. ते गेले असते तर शेडला कुलूपच लागलं असतं. पार्ट्स उचलून ठेवणारी मशीन घ्यायचं त्याच संध्याकाळी ठरलं.

* * *

पहिला सेल्समन आला तो टाय लावून. त्यानं विचारलं, "सर, तासाला किती पार्ट्स बसवायची स्पीड पाहिजे?"

काका म्हणाले, "बाया माहेरी गेल्या तरी साहूजीचा माल निघाला पाहिजे, एवढी."

त्यानं ब्रोशर दोनदा उलटंपालटं करून बघितलं. तसा रकाना त्यात नव्हता!

* * *

डेमोला आम्ही दुलारी दीदीला घेऊन नागपूरला गेलो. कंपनीच्या बोर्डावर ती मोठी मशीन अशी काही नाचली, की मी प्रेमातच पडले. मग दुलारी दीदीनं आमच्या पार्ट्सचा डबा उघडला. हे पार्ट्स लांब पट्टीत बसवलेले येतात; आम्ही घेतो थोडेथोडे, कापलेल्या पट्ट्यांमध्ये. मशीनला मात्र लांबलचक पट्टीचं अख्खं रीळ लागतं. आमची पट्टी आत सरकायच्या आधीच संपली!

"फुल रील ले लीजिए ना, सर."

काका म्हणाले, "अरे भाऊ, तेवढं रीळ संपेपर्यंत ह्या पोट्टीची पोट्टी डेमो बघाले येईन!"

मोठीला नमस्कार केला आणि कोपऱ्यातली छोटी घेतली. हळू चालणारी, पण कापलेल्या पट्ट्या नुसत्या समोर चिकटवल्या तरी त्यातून उचलणारी. परतीच्या गाडीत मी दुलारी दीदीला मनापासून समजावलं, की मशीन आली तरी कुणाचंही काम जाणार नाही, उलट आपण जास्त बोर्ड करू, नवे बोर्ड करू.

तिनं सगळं ऐकलं. "वो तो ठीक है, दीदी. पर ये रुकती नहीं, तो हम लोग चाय कब पिएँगे?"

* * *

मशीन आली. पूजा झाली. काका नारळ थेट मशीनवर फोडायला निघाले, तेव्हा बसवायला आलेल्या इंजिनिअरनं तिला अक्षरशः मिठी मारली! नारळ बाहेर फुटला.

पहिला बोर्ड आत गेला आणि मशीन थांबली. बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक गोल खूण असते. कॅमेऱ्याला ती दिसली, की कुठला पार्ट कुठे ठेवायचा ते मशीनला कळतं. ती खूणच सापडेना. इंजिनिअरनं कॅमेरा पुसला, वायरी काढल्या, बंगलोरला फोन लावला. शेवटी बोर्ड बाहेर काढला, तर खुणेवर ठसठशीत कुंकू!

"गोल बिंदी पहले से बनी थी," दुलारी दीदी म्हणाली, "तो टीका वहीं लगा दिया."

* * *

पुढच्या भादव्यात साहूजींनी दिलेली तारीख नेमकी तीजाच्या आदल्या दिवशीची निघाली. गेटवर मोटारसायकली आल्या. मी सगळ्यांना हसतमुखानं निरोप दिला. मशीन, मी आणि नाकाला रुमाल बांधलेले काका! बोर्ड धडाधड निघाले. तपासले, खोक्यात भरले, आणि ठरल्या दिवशी सकाळीच आम्ही गाडी काढली. अभनपूर येईपर्यंत काका शिट्टी वाजवत होते. मी तर साहूजींना ऐकवायला छोटंसं भाषणही तयार ठेवलं होतं.

दुकानाचं शटर बंद.

मी घाबरत फोन लावला. "साहूजी, माल लेके आए हैं. टाइम पे!"

"आज?" पलीकडून साहूजी ओरडले. "अरे दीदी, मैं तो बहन को लेने धमतरी आया हूँ! तीजा में भी कोई काम करता है क्या?"