पाठ फिरवायचा आठवडा

आमच्या घरात खुर्च्या चार आहेत, पण बसायला जागा नाही. एकीवर औषधं, एकीवर जुन्या चादरींचा ढीग, एकीचा पाय कुणीतरी कुरतडलेला, आणि चौथी माझी, म्हणजे रिकामी असेल तर. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. तिथून बाद झालेल्या चादरी घरी येतात आणि जनावरांच्या डॉक्टरकडून कुणालाच नको असलेली कुत्री येतात. दोन्हींची धुलाई आणि डागडुजी तीच करते.

गाडीखाली सापडलेली, पोत्यात घालून टाकून दिलेली, खरजेने केस गेलेली. घर मिळेपर्यंत आमच्याकडे. "दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे, अहो," ती म्हणते. तिचे दोन-चार दिवस मी चांगले ओळखून आहे. कुत्र्यांना ती नाव ठेवत नाही, ते काम नव्या घराचं. नावं ठेवते ती फक्त मला. त्यामुळे आमच्याकडची कुत्री जागेवरून ओळखली जातात: दारातला, मोरीतली, टेबलाखालची.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत बायको आजारी कुत्री कडेवर घेऊन चढत आली आहे, आणि हल्ली प्रत्येक मजल्यावर टेकते.

कुत्रा द्यायचा ठरला की तिची एक रीत आहे. जायच्या आधी आठवडाभर ती त्याच्याकडे पाठ फिरवते. हात लावत नाही, बोलत नाही, बघतसुद्धा नाही. खाणं, औषध, फिरवणं सगळं माझ्याकडे. "माझ्यात जीव अडकला तर तिकडे तोंडात घास घेणार नाही," ती म्हणते. "माणसं बदलतात, हे त्याला इथेच कळू दे." मीच का, असं एकदा विचारलं. "तुमच्यात कुणाचा जीव अडकत नाही," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे ऐकायला मिळालं.

कपाटाखालचा सगळ्यात जास्त टिकला. मागचा एक पाय अधू, एक कान अर्धा, वय उतरणीला लागलेलं. लोक यायचे, त्याच्याकडे बघून "बिचारा" म्हणायचे आणि पिल्लू घेऊन जायचे. ती रोज संध्याकाळी त्याचा पाय चोळायची. तिची पावलं तळमजल्यावर वाजली की हा वर उठून उभा राहायचा.

एक दिवस ती कामावरून आली आणि चप्पलसुद्धा न काढता कपाटाला टेकून फरशीवरच बसली. बोटं पाण्याने पांढरी पडलेली. "हा गेला की बस," म्हणाली. "आता माझ्यात त्राण नाही." हे मी पूर्वीही ऐकलं होतं, पण या वेळी मला खरं वाटलं. हा कुत्रा जाईल तेव्हाच ही बसेल. तो जावा असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

मग वाचनालयातले एक निवृत्त कारकून आले. काठी टेकत वर चढले, कुत्र्याकडे बघून म्हणाले, "दोघेही लंगडे. जमेल आमचं." रविवारी न्यायचं ठरलं, आणि हिने पाठ फिरवली.

सुरुवातीला तो तिच्या पायात जाऊन उभा राहायचा. ती त्याला ओलांडून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडायची. त्याचं कुईकुई ऐकू येऊ नये म्हणून. "पाणी वाया जातंय," मी बाहेरून ओरडायचो. भात कालवून मी ताटली पुढे करायचो, तर तो एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. हळूहळू तिची पावलं ऐकून त्याने उठणं सोडलं. माझी ऐकून उठायला लागला. पावाच्या तुकड्यात लपवलेली गोळी माझ्या तळहातावरून घ्यायला लागला. "फार लाडात यायचं नाही," मी त्याला बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी काम लवकर आटपून घरी आलो.

रविवारी कारकून आले, पण गळ्यातला पट्टा न आणता, रिकाम्या हाताने. सुनेला दमा आहे, डॉक्टरांनी कुत्रा नको म्हणून सांगितलंय. बिचारे ओशाळले होते. मला राग आला होता, तरी पाणी दिलं. ते काठी टेकत खाली गेले.

बायको ताटली घेऊन कपाटासमोर बसली. "ये रे," म्हणाली. तो बाहेर आला, तिच्या बाजूने निघून माझ्या पायाला टेकून बसला. तिचा हात तसाच पुढे राहिला. इतकी वर्षं तिची रीत बिनबोभाट चालली होती, कारण पाठ फिरवल्यानंतर कुत्रा घरात कधी उरलाच नव्हता.

त्यानंतर तो फक्त माझ्याच हातून खायचा. पाय चोळायला तिने हात लावला की अंग आक्रसून घ्यायचा. ती चादरी धुवायची, वाळत घालायची. एका संध्याकाळी घड्या घालता घालता म्हणाली, "अहो, आता तुम्ही पाठ फिरवा."

"कशाला? माझ्याकडे जेवतोय ना?"

"तुम्ही कामाला बाहेरगावी जाता. तेव्हा काय, उपाशी राहील?" तिने हातातली घडी मोडली आणि परत घातली. "आणि मला तो हवाय. द्यायला नाही, ठेवायला. मी दमले, अहो. आता कुणालाही पाठवायचं नाही मला."

मी हो म्हणालो. मला वाटलं, त्यात काय अवघड आहे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आतच त्याची शेपटी फरशीवर आपटताना ऐकू आली. दार उघडलं. तो तीन पायांवर धडपडत पुढे आला आणि माझ्या पायात उभा राहिला. खाली बघितलं असतं तर मला जमलं नसतं. पिशवी खुंटीला लावली, त्याला ओलांडलं आणि स्वयंपाकघरात गेलो.

धुवायला काहीच नव्हतं. मी नळ सोडला.