रुखवत टपावर, सासूबाई आत

गाडीच्या टपावर आडवं पडून माणसानं गावभर फिरू नये, असा काही कायदा नाही. तेवढ्या एका आधारावर माझे यजमान एका रविवारी भर बाजारातून अंबरनाथभर फिरले. उताणे, पोटावर सोला हॅट, दोन्ही हातांनी लोखंडी गज धरलेले. ते कारखान्यात साहेब होते. त्यांच्या हाताखालची निम्मी माणसं तेव्हा पिशव्या घेऊन रस्त्यात उभी होती. कुणी सलाम ठोकला की यजमान आडव्यानंच मान हलवायचे. मी खाली गाडीत पदर तोंडात कोंबून बसले होते. ही कल्पना माझी नव्हती. मी फक्त ती सासूबाईंच्या कानाजवळ जरा मोठ्यानं बोलले होते.

तर झालं असं. धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं आणि पंधरवड्याच्या आत सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पाय लाकडाला बांधला आणि सांगितलं, उताणं झोपायचं, बसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. यजमानांनी घाबरत घाबरत विचारलं, "आई, लग्न पुढे ढकलू या का? चातुर्मास झाला की बघू."

"ढकलायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि माझ्यावाचून लागायचंही नाही. कसं ते तुम्ही बघा. शिकलेले आहात ना?"

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. सासूबाईंनी डोळे मिटले की सभा बरखास्त, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण मी रात्री त्यांना पाणी द्यायला जायची, तेव्हा उशी ओली लागायची. ही त्यांची शेवटची मुलगी. नवरा गेल्यावर पदरात उरलेली, शेपटासारखी मागेमागे फिरणारी. ती सासरी जाताना आपण अंबरनाथच्या खोलीत छताचे वासे मोजत पडायचं, हे त्यांना सोसणार नव्हतं.

लग्न मुलाकडे होतं, वांगणीच्याही पुढे, आत शेताडीत. आमच्या कारखान्याच्या क्वार्टरला अंगण म्हणजे दोन कुंड्या आणि नळाला पाणी सकाळसंध्याकाळ. त्यांच्याकडे खळं, विहीर, आंब्याची सावली. बाकीचं वऱ्हाड वांगणीपर्यंत आगगाडीनं आणि पुढे बैलगाडीनं जाणार होतं. सासूबाईंना मात्र बैलगाडीत घातलं असतं तर दुसराही पाय गेला असता.

पण आमच्याकडे रणगाडा होता! म्हणजे गल्लीतली माणसं त्याला रणगाडा म्हणत. लढाईच्या दिवसांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. पुढे फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी मंडळी येऊन राहिली, आणि लष्कराचं उरलंसुरलं लिलावात निघालं. त्यात यजमानांनी ही भली थोरली बंद गाडी उचलली होती. चाकं माझ्या कमरेइतकी, आवाज पिठाच्या गिरणीचा. मागची बाकं काढली की मधोमध अख्खी गादी बसायची. सासूबाई तिच्यावर उताण्या, एका कडेला नवरी, दुसऱ्या कडेला मी. झालं की काम!

नाही झालं. रुखवत राहिलं.

वाचणाऱ्यांत कुणी मुलीची आई असेल तिला सांगायला नको. रुखवत म्हणजे नवरीच्या घरचं हातचं काम, लग्नात मांडून दाखवायचं. महिनाभर शेजारपाजारच्या बायका आमच्याकडे खपत होत्या. ताटाएवढ्या करंज्या, हातभर उंच चिरोट्यांचा मनोरा, साखरेचं तुळशीवृंदावन, रंगीत पापडांची कमळं. हे सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आणि वेताच्या पेट्यांत भरलेलं. बैलगाडीनं नेलं तर पोचल्यावर चिवडा म्हणून वाढावं लागलं असतं. आत रुखवत ठेवावं तर सासूबाई राहतात, सासूबाई ठेवाव्यात तर रुखवत राहतं.

"वर," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या आणि बोटानं छत दाखवलं. आम्हाला वाटलं देवाचं नाव घेताहेत.

"टपावर रे! एसटीवाले नेतात तसं. कॅरियर बसवा."

मग कॅरियरची निवड सुरू झाली. मुलगा पसंत करायला एवढा वेळ लागला नव्हता. यजमानांनी कारखान्याच्या निळ्या कागदावर नकाशा काढला. तो घेऊन ते बदलापूरला एका सुताराकडे गेले. सुतारानं कोरीव खांबांचा, कडेला कमळं काढलेला सागवानी कॅरियर केला. इतका देखणा की त्यावर डबे ठेवायला मन होईना, पालखीतला देव ठेवावा असं वाटे. पण चार माणसांनी तो उचलून टपावर टेकवला, तर टपच खाली वाकला. तो कॅरियर आमच्याकडे पुढे कित्येक वर्षं गच्चीवर वाळवणाला होता. त्याच्यावरच्याइतका थाटात वाळलेला पापड तालुक्यात नसेल.

दुसरा मोडीत निघालेल्या एका बसचा आणला. तो दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर लोंबायचा. सासूबाईंचा पलंग खिडकीशी होता आणि प्रत्येक कॅरियर त्यांच्या खिडकीसमोर आणून दाखवावा लागे. हा पाहून त्या म्हणाल्या, "बापाची पगडी लेकाच्या डोक्यावर. काढा."

तिसऱ्या खेपेला यजमान उल्हासनगरला गेले. हौसेनं मीही गेले. कॅम्प एकमध्ये एका बराकीच्या पडवीत एक सिंधी मिस्त्री लोखंडाचं काम करायचा. पन्नाशीचा, मिशा मेंदीनं लाल, आणि बोलणं असं की तंबूत तिकीट लावून ऐकवावं. त्यानं निळ्या नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पडवीतल्या एका लष्करी खाटेवर थाप मारली.

"साईं, ये पलंग फौज का है! इसपे गोरा साहब सोता था, बूट समेत! तुम्हारा पापड़ क्या चीज़ है?"

यजमान म्हणाले, "मला खाट नको, कॅरियर हवाय."

"पाय काटा तो कॅरियर, पाय जोड़ा तो पलंग," मिस्त्री म्हणाला. "मालिक की मर्ज़ी."

मला त्याचं बोलणं फार आवडलं. यजमानांना अजिबात आवडलं नाही, त्यामुळे आणखीच आवडलं. शेवटी खाटेचे पाय कापून, कडेला आडवे गज जोडून तिचा कॅरियर झाला. गाडीच्या टपाच्या कडेला पावसाचं पाणी जायला पन्हळ असते. तिच्यात अडकणारे लोखंडी आकडे केले, आकड्यांना बोल्ट, बोल्टांना हातानं पिळायचे नट. गाडी स्वतः मिस्त्रीच चालवत आमच्या दारात घेऊन आला आणि खिडकीसमोर उभी केली.

सासूबाईंनी मान वळवून बराच वेळ निरखलं. "हे माझ्या डोक्यावर राहणार ना?"

"पत्थर माफिक, अम्मां!"

तेव्हाच मी उशी सारखी करता करता ते वाक्य बोलले. "आई, यांचं वजन साधारण रुखवताएवढंच असेल, नाही?"

सासूबाईंच्या डोळ्यांत दिवा लागला. "अरे, तू झोप बघू त्याच्यावर. आई खाली निजणार आहे. वरून काय पडणार ते आधी तू पडून दाखव."

"आई, मी साहेब आहे!"

"म्हणूनच. साहेबांची खाट आहे म्हणे ती."

अशी ती रविवारची मिरवणूक निघाली. मिस्त्री चालवतोय, मी आत, यजमान वर. सपाटीवर सगळं उत्तम चाललं. बाजार पार झाला, देवळाकडे वळलो, आणि नाल्यातून वर येताना गाडीनं नाक उचललं. वरून खर्रर्र आवाज आला. मागच्या काचेतून मला आधी यजमानांचे बूट दिसले, मग पोटऱ्या, मग गुडघे. कॅरियर यजमानांसकट मागे सरकत होता!

मिस्त्रीनं ब्रेक दाबला तसा कॅरियर पुन्हा पुढे गेला, बूट दिसेनासे झाले. यजमान खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा त्यांच्या नकाशासारखा निळा होता. मिस्त्रीनं वर चढून एकेक आकडा चाचपून पाहिला. त्यानं विचारलं, "इतना सामान ऊपर काहे को? ट्रेन से भेजो ना."

यजमान कपडे झटकत होते, म्हणून मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. आई को लिटाके ले जाना है. लड़की की शादी है. सामान अंदर रखेगा तो आई घर पे रहेगी.

तो नाल्याच्या काठावर उकिडवा बसला. मिशीवरून हात फिरवला. "हमारा उल्टा हुआ, बहन," तो म्हणाला. "सामान आ गया, अम्मां उधर रह गई."

उठून त्यानं कॅरियर सोडवला, पुन्हा उल्हासनगरला नेला. दुसऱ्या दिवशी आणला तेव्हा आकडे वाढवलेले होते, प्रत्येक आकड्याखाली टायरच्या ट्यूबचा जाड तुकडा घातलेला, म्हणजे लोखंड पत्र्यावर घसरू नये. पुढून आणि मागून दोन पट्ट्या थेट बंपरला आवळलेल्या. मग मिस्त्री स्वतः वर चढून झोपला आणि यजमानांना म्हणाला, "चलाओ साईं. नाला पार करो." यजमानांनी नाला तीनदा पार केला. मला वाटतं त्यातली एकच खेप कॅरियरसाठी होती.

लग्नाच्या पहाटे मी रुखवत रचलं. जड डबे तळाशी, मनोरा मध्ये, कमळं आणि साखरेचं वृंदावन शेवटी, वर चादर आणि काथ्याची दोरी. सासूबाईंना चौघांनी गादीसकट आत सरकवलं. त्यांच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं, आणि बदलापूर मागे पडेपर्यंत त्या छताकडे नजर लावून होत्या. खड्डा आला की विचारत, "वाजलं का गं?" मी म्हणे, "नाही आई." खरंच वाजत नव्हतं. नणंद मुंडावळ्या मांडीवर घेऊन आईचा हात धरून बसली होती. दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत, मला मात्र दोघींनी मिळून शंभरदा विचारलं, "पोचतो ना वेळेवर?"

वेळेवर पोचलो. बेत असा होता की गाडी सरळ मांडवात न्यायची, बोहल्याला पाठ करून उभी करायची, मागचं दार उघडायचं, म्हणजे सासूबाईंना पडल्या पडल्या लग्न दिसेल. त्यासाठी यजमानांनी आधी माणूस पाठवून मांडवाच्या दाराची रुंदी मोजून आणली होती.

उंची कुणी मोजली नव्हती.

टपावर कॅरियर, कॅरियरवर रुखवत, रुखवतावर साखरेचं वृंदावन. मांडवाच्या आडव्या बांबूसमोर गाडी थांबली. वाजंत्री थांबली. नवऱ्याचे वडील धोतर सावरत धावत आले. "थांबा, थांबा साहेब! बांबू सोडवतो." कुणी म्हणे बांबू कापा, कुणी म्हणे रुखवत उतरवा. भटजी आतून ओरडत होते, "मुहूर्त जातोय हो!" रुखवत उतरवायला घटकाभर लागली असती. बांबू काढला असता तर अर्धा मांडव वऱ्हाडाच्या डोक्यावर आला असता. यजमान घामाघूम. नवरी रडायला लागली.

आणि आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"अरे, मला मांडवात नेताय कशाला?"

सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या.

"मुलीची आई कधी मंगलाष्टकांना मांडवात बसते का? तुळशीला पाणी घालते ना ती? तुमच्या घरात लग्नं झाली नाहीत का कधी?"

झाली होती. माझ्या लग्नात माझी आई परसात तुळशीपाशी उभी होती. यजमानांना ठाऊक होतं, व्याह्यांना ठाऊक होतं, भटजींना तर होतंच. मुलीचं लग्न लागताना आईनं पाहायचं नसतं, हे पोरासोरांनाही माहीत. आणि आम्ही सारे महिनाभर आईला लग्न दिसावं म्हणून खाट कापत होतो! त्या इतके दिवस फक्त "न्या" म्हणत होत्या. "दाखवा" असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

"तुळस कुठाय विहीणबाईंची?"

"परसात, अवो, परसात!" व्याही आनंदानं ओरडले. परसात मांडव नव्हता, नुसतं आभाळ होतं.

नवरी पुढून आत गेली, रणगाडा घराला वळसा घालून मागे गेला. गाडीचं मागचं दार वृंदावनासमोर उघडलं. विहीणबाईंनी तांब्या आणून दिला. मी सासूबाईंचा दंड धरला, त्यांनी पडल्या पडल्या हात लांब केला. पहिलं पाणी माझ्या पायांवर पडलं, दुसरं तुळशीत. भिंतीपलीकडे मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला पाण्याची धार वाकडी व्हायची.

"आई, ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"गप्प बस. येतंय." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "तिला अंतरपाटाआड उभं असताना कळायला हवं ना गं, आई तुळशीपाशी आहे म्हणून. नाहीतर ती एकटी."

टाळ्या वाजल्या, ताशे कडाडले. तांब्यात उरलेलं सगळं पाणी त्यांनी एका झटक्यात ओतलं.

मांडवातले विधी आवरायच्या आधीच परसदारी बांगड्या वाजल्या. नणंद, गळ्यात हार, कपाळावर मुंडावळ्या, शालू गुडघ्यापर्यंत उचललेला, कुणालाही न विचारता धावत आली आणि गाडीत चढली. आईशेजारी गादीवर आडवी झाली. हार चुरगळला. मागे नवरा मुलगा खांद्यावरच्या शेल्याच्या गाठीसकट ओढला गेला होता. तो बिचारा दाराशी अर्धवट वाकून उभा, आत यावं की नको या विचारात.

"या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "जागा आहे. सामान वर आहे."